पालथ्या वाडग्याची विद्या

बुटीबोरीजवळच्या टाकळघाट-खापा इथं १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. शिळावर्तुळांत पुरलेल्या माणसांसोबत लोखंडी हत्यारं निघाली आणि मातीचे वाडगे निघाले. आतून आणि काठाशी काळे, बाहेरून तांबडे. पुढे माहूरझरी, नायकुंड इथंही तशीच भांडी सापडली. विदर्भातल्या त्या लोखंडावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझं मन मात्र वाडग्यांपाशीच थांबतं.

एकाच मातीला दोन रंग कसे आले? वाडगा राखेत, भुशात पालथा घालून भाजला की त्याच्या पोटात हवा शिरत नाही. धूर मुरतो आणि आतली बाजू काळी पडते. बाहेर हवा खेळती असते, म्हणून मातीतलं लोह तांबडं होतं. हा रंग कुणी फासलेला नाही. तो भाजताना उतरलेला आहे, आणि तो नेमका काठापाशीच थांबवणं हे कसबी कुंभाराचं काम.

इसवीसनापूर्वीच्या सहाव्या शतकात अथेन्सचे कारागीरही याच हवेशी खेळत होते. भट्टीला आधी मोकळी हवा, मग झरोके बंद करून ओलं लाकूड, मग पुन्हा हवा. बारीक गाळलेल्या मातीनं रंगवलेल्या आकृती काळ्या राहत, बाकीचं भांडं लाल होई. एक्सेकिआसनं असाच एक घट केला. सोंगट्या खेळण्यात गढलेले दोन योद्धे त्यावर आहेत, आणि घडवणारा व रंगवणारा मीच, असं त्यानं घटावर लिहूनही ठेवलं. आज तो घट व्हॅटिकनला आहे.

पण अथेन्सचेही बहुतेक चित्रकार निनावीच राहिले. ऑक्सफर्डच्या जॉन बीझली यांनी आयुष्यभर त्यांच्या रेघा पाहिल्या: कान कसा काढलाय, घोटा कसा, वस्त्राची चुणी कशी. त्यावरून त्यांनी शेकडो हात वेगळे ओळखले. नाव ठाऊक नसलेल्यालाही त्यांनी नाव दिलं. बर्लिनमधल्या एका भांड्यावरून एकजण ‘बर्लिन चित्रकार’ झाला.

आपल्याकडे अशा वाडग्यांपुढच्या पाटीवर संस्कृती येते, काळ येतो, माणूस येत नाही. विदर्भातल्या काही तांबड्या भांड्यांवर काळ्या रेघांची साधी नक्षीही आहे. कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला, कुठे उचलला, एवढं त्या रेघांवरून नक्की वाचता येईल. पुरातत्त्वाच्या एखाद्या विद्यार्थ्यानं बीझलींच्या चिकाटीनं हे काम हाती घ्यावं, असं मला फार वाटतं.