घट्ट म्हणजे किती घट्ट

२०२१ च्या जूनमध्ये बारावीची परीक्षा रद्द झाली आणि चिपळुणातल्या एका कौलारू घरातल्या नातवाकडे अचानक वेळच वेळ उरला. धाकट्या बहिणीने दोन पांढरे ससे आणले होते. "पिंजरा मी करतो," तो म्हणाला. जुन्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या काढल्या, वेल्डमेशची जाळी कापली आणि जाळीला जाळीचे सगळे जोड प्लॅस्टिकच्या केबल टायने आवळले. तासाभरात काम फत्ते. त्याने पिंजरा ओढून पाहिला, हलवून पाहिला. जागचा ढळेना.

आजी पडवीत कोळंबी सोलत होती. "आतून बघितलास का?"

"आत काय बघायचंय?"

"आत राहणार कोण, तू की ससे?"

तो हसला. सशाचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाला दहा सेंटिमीटरच्याही वर. दिसेल ते कुरतडून बघणं हा त्याचा स्वभावच. त्यात नायलॉनचा टाय म्हणजे त्याला भाजलेला चणा. माणूस जोड दोनदा ओढतो आणि समाधान पावतो. सशाला अख्खी रात्र मोकळी असते. दोन-चार दिवसांतच खालच्या कोपऱ्यातले टाय तुटले आणि एक ससा अळवाच्या वाफ्यात सापडला. टायचे तुकडे पोटात गेले नाहीत हे नशीब. सशाला उलटी होत नाही, आतड्यात काही अडकलं की जिवावर बेततं.

मग त्याने सेंट्रिंगवाले सळया बांधतात ती काळी तार आणली. पकडीने पीळ दिले आणि बाहेरून पिंजरा नीटस दिसावा म्हणून टोकं आत वळवली. दात हरले, पण दुसऱ्या दिवशी सशाचा कान फाटलेला. आजीने हळद लावली आणि एवढंच म्हणाली, "शोभा बाहेर ठेवलीस, टोकं आत."

हे मात्र त्याला लागलं. आता तो पिंजऱ्यासमोर उकिडवा बसून सशाच्या उंचीवरून बघायला लागला. पोरगा हुशार होता. प्रश्न बरोबर पडला की हात बरोबर चालतात. जाळी त्याने चौकटीच्या बाहेरून यू खिळ्यांनी ठोकली होती. आतून सशाने रेटलं की तोच रेटा खिळा उपटायचा. ती काढून त्याने जाळी चौकटीच्या आतल्या अंगाला लावली, म्हणजे सशाचा भार लाकडावर यावा. पण बाहेरून मुंगूस रेटेल त्याचं काय? म्हणून खिळ्यांऐवजी स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूखाली रुंद वायसर. जाळीची तार त्याच्या खालून निसटत नाही. जाळीला जाळी जोडताना काळ्या तारेऐवजी जस्त चढवलेली जीआय तार घेतली, टोकं बाहेर काढून हातोडीने चेपली. हे काम खरंच चांगलं होतं. हल्ली विकतच्या पिंजऱ्यातही इतकं पाहायला मिळत नाही.

चांगलं काम केलेल्या माणसाला थांबता येत नाही. जुलैत एका संध्याकाळी मुंगूस खरोखरच परसात दिसलं. नातवाने पिंजऱ्याच्या दाराची साधी कडी उपटून टाकली आणि दार चार नट-बोल्टांनी बंद केलं. चारा-पाण्यासाठी वर एक फट ठेवली. "आता वाघ आला तरी चालेल." आजी चारी नटांवर बोट फिरवून गप्प राहिली.

बावीस जुलैच्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. बघता बघता पडवीत गुडघाभर झालं. वीज गेलेली. पान्हा कपाटाच्या खालच्या खणात, म्हणजे पाण्याखाली; तो चाचपडत शोधला तर कोकणातल्या पावसाने साधे लोखंडी नट गंजवून बसवलेले. पान्हा नुसता घसरत होता. सागवानी पिंजरा पाण्याने आणखी जड झालेला, तिघांना उचलेना. शेवटी त्याने पक्कड घेतली आणि छपराच्या जाळीचे आपणच आवळलेले पीळ एकेक करून तोडायला लागला. चांगलं काम तोडायलाही वेळ लागतो. बहीण वर विजेरी धरून रडत होती, ससे भिजलेल्या गवतावर चढून जाळीला नाक लावत होते. पाणी मांडीला लागलं तेव्हा कुठे एका बाजूने जाळी उचकली. आजीने दोघांना रोवळीत घालून माळ्यावर नेलं.

पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत चिखलच चिखल होता. हार्डवेअरचा दुकानदार खिळ्यांच्या पेट्या धुऊन उन्हात पसरत होता. नातू समोर उभा राहिला.

"काका, पिंजऱ्याला कडी हवी आहे."

"किती मजबूत?"

"सशाला नि मुंगसाला उघडता येऊ नये, आणि आजीला अंधारात, ओल्या हाताने, एका झटक्यात उघडता यावी."

दुकानदाराने हातातली पेटी खाली ठेवली. बराच वेळ धुंडाळून त्याने एक पितळी कडी-कोयंडा आणि त्यात अडकवायचा स्प्रिंगचा हूक काढला. "पितळ गंजत नाही. हूक मुंगसाला दाबता येणार नाही. पण आजीला जमतो का, ते बघून घे."

घरी आजीने डोळे मिटले, हात पाण्यात बुडवला आणि हूक चाचपला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा सुटला.

"कडक आहे रे," ती म्हणाली. "दुसरा आण."

तो सायकल काढून परत बाजारात गेला.