आरसा आणि द्रष्टा

एखाद्या यंत्राची परीक्षा म्हणजे वरवर पाहता दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामधला मामला. परंतु गेल्या भाद्रपदात एका स्नेह्याने आपला निकॉन डी८५० कॅमेरा, "पसंत पडला तर ठेवून घ्या, नाही तर परत करा," असे म्हणून दोन महिन्यांसाठी माझ्या हवाली केला, तेव्हा हा मामला बघता बघता नैयायिक आणि मीमांसक यांच्या जुन्या वादात शिरेल अशी मला कल्पना नव्हती.

यंत्राची कैफियत थोडक्यात अशी की, २०१७ साली निघालेल्या या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे फुल-फ्रेम, असून त्यावर आडवे ८२५६ आणि उभे ५५०४ असे एकंदर साडेचार कोटींहून अधिक बिंदू आहेत. मीमांसक म्हणतो, ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, बाध येईपर्यंत ते खरेच मानावे; नैयायिक म्हणतो, ते परतः ठरते, दिसलेल्या पाण्याने तहान भागली म्हणजे मग ते पाणी खरे. माहितीपत्रकातील आकड्यांवर विसंबणारे गिऱ्हाईक नकळत मीमांसकांच्या पंगतीला जाऊन बसते. (मीमांसकांना असा पंक्तिलाभ रुचला नसता, हे कबूल.) मी दुसरी पंगत धरली आणि पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलो.

कोकणकड्याच्या काठावर ट्रायपॉड रोवून टिपलेली पहिली छायाचित्रे घरी पडद्यावर मोठी करून पाहिली, तेव्हा कड्याखालच्या काळोखातले, आयएसओ चौसष्टवर टिपल्यामुळे उजळून घेता येणारे गवत आणि खडकांचे थर पाहून मन थक्क झाले. पण त्याच छायाचित्रांत कड्याची धार मात्र किंचित फिसकटलेली होती, आणि दोष यंत्राचा असा माझा तात्काळ फैसला झाला. पुढे हिशेब मांडला. या सेन्सरवरचा एकेक बिंदू मिलिमीटरच्या सुमारे दोनशेतिसाव्या भागाएवढा. तेवढी जरी प्रतिमा हलली तरी त्याची नोंद होणारच. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात हाच कंप होता, परंतु त्याच्या दफ्तरात तो टिपून ठेवण्याइतकी बारीक लेखणी नव्हती. आणि हलवीत कोण होते? थोडा वारा, थोडे माझे बोट, आणि राहिलेला भाग खुद्द कॅमेऱ्यातला आरसा.

या आरशापाशी थोडे थांबले पाहिजे. लेन्समधून आलेला प्रकाश हा आरसा वर वळवून व्ह्यूफाइंडरमधून डोळ्याला पोचवितो. मात्र कळ दाबताच तो खट्‌कन वर उचलला जातो, प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो, आणि तेवढा क्षणभर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. म्हणजे छायाचित्रकाराने जे टिपले, नेमके तेच त्याने व्ह्यूफाइंडरमधून पाहिलेले नसते! ज्या गडावर चांगदेवांनी तप केले असे परंपरा सांगते, त्याच गडावर हे माझ्या ध्यानात यावे, हा योग मला साधा वाटला नाही. कारण चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे जे उत्तर धाडले, त्यात द्रष्टा, दृश्य आणि दर्शन या त्रिपुटीचाच विचार आहे, आणि आरसा समोर नसतानाही मुख असतेच, हा दृष्टांतही तिथे आहे. नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांतून आरसा काढूनच टाकला आहे. पण त्यांचा व्ह्यूफाइंडर डोळ्याला दाखवितो ते दृश्य नव्हे, सेन्सरने केलेली त्याची नक्कल, तेव्हा अद्वैत तिथेही साधलेले नाही.

ताडोब्याची हकीकत लवकर आटोपतो. मोठ्या लेन्ससह सव्वातीन किलोंचे हे ओझे जिप्सीच्या हेलकाव्यांत सांभाळताना खांदे भरून आले, आणि वन्य प्राण्यांसाठी हा कॅमेरा माझ्यासारख्या साठी उलटलेल्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले. तळ्याकाठी वाघ आला. डोळ्यांना तो केवळ पिवळट हालचालीएवढा दिसला. सेकंदाला सात या वेगाने मी छायाचित्रे घेतली, म्हणजे सेकंदाला सात वेळा आंधळा झालो. आणि त्याच्या मिशा मी पाहिल्या त्या चार दिवसांनी, पुण्यात, चित्राचा आठवा हिस्सा कातरून. इंद्रिय आणि अर्थ यांच्या संनिकर्षातून उपजते ते प्रत्यक्ष, अशी न्यायसूत्राची व्याख्या. तर मग माझा वाघ प्रत्यक्षात जमा धरावा की अनुमानात, हे खाते अजून मिटलेले नाही.

कॅमेरा परत करण्यापूर्वी पुन्हा एकदा गडावर गेलो. आता आरसा आधीच वर करून ठेवीत होतो आणि ट्रायपॉडपासून तीन पावले दूर उभा राहून तारेने कळ दाबीत होतो. पाठीशी ऊन वर आले, दरीतले धुके अगदी कड्यापर्यंत चढले, आणि त्यावर इंद्रवज्र उमटले: सप्तरंगी वर्तुळ, मधोमध माझी सावली, आणि वर्तुळाचे केंद्र बरोबर माझ्या मस्तकाशी. शेजारी उभा असलेला वाटाड्या म्हणाला, "नाही दादा, ते माझ्या डोक्याभोवती आहे." दोघेही खरेच बोलत होतो, कारण हे वर्तुळ ज्याच्या त्याच्या दृष्टीपुरते असते. घरी आल्यावर छायाचित्र मोठे केले. कड्याची धार आता सुरीसारखी होती, धुक्यावर आम्हा दोघांच्या सावल्या स्पष्ट होत्या, आणि इंद्रवज्र होते ते आमच्यापैकी कोणाच्याही नव्हे, तीन पावलांवर उभ्या असलेल्या ट्रायपॉडच्या सावलीच्या माथ्याभोवती.