आपल्यावरून कुत्रं ओळखावं?

'आपल्यावरून जग ओळखावं' हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं, त्याच्या घरी कुत्रं नसणार, अशी माझी खात्री आहे. असलंच तर ते छोटं आणि केसाळ नसणार; आणि तेही असलं, तर पुण्याच्या डिसेंबरात त्याच्या अंगाला कोंडा सुटलेला नसणार. नाहीतर एवढं मोठं नीतितत्त्व तो इतक्या सहजासहजी बोलून मोकळा झाला नसता.

वाक्य तसं भारदस्त आहे. आपल्याला भूक लागते तशी दुसऱ्यालाही लागते, आपल्याला चिमटा काढला की दुखतं तसं दुसऱ्यालाही दुखतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात हाच विचार 'आत्मौपम्य' म्हणून आला आहे. पाश्चात्त्य मंडळी याला सुवर्णनियम म्हणतात. थोडक्यात म्हणजे, कुठल्याही धर्माच्या काउंटरवर टाका, हा चेक वटतो. तो न वटता परत आलेला मी पाहिला, तो फक्त आमच्या गुंड्याच्या पाठीवर.

गुंड्या म्हणजे आमच्या घरातला पामेरियन. आपल्याकडे पामेरियन म्हणून नांदणारी बरीचशी कुत्री खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, असं जाणकार सांगतात. पण आम्हाला त्याच्याशी सोयरीक करायची नसल्यामुळे आम्ही कुळाची चौकशी केली नाही. वजन पाच किलो, त्यातला एक किलो नुसता रुबाब. थंडी पडली आणि त्या रुबाबातून पांढरा भुसा गळायला लागला. सोफ्यावर भुसा, सतरंजीवर भुसा, बँकेत जायच्या निळ्या पॅन्टवर भुसा. केस निस्तेज आणि खाजवणं अखंड.

लगेच सोसायटीतली सगळी सज्जन मंडळी धावून आली. 'सज्जन' हा शब्द मी थट्टेनं वापरत नाहीये. खरी अडचण तिथेच आहे. यातल्या एकाच्याही मनात गुंड्याविषयी वाकडं नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, रोज आंघोळ घाला त्याला. आपल्याला नाही का, एक दिवस चुकली तर कसंसंच होतं?" तळमजल्यावरचे अण्णा म्हणाले, "खोबरेल चोपडा. माझं डोकं बघा." (अण्णांच्या डोक्यावर बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण कोंडाही नाही, हे मान्य केलं पाहिजे.) आमचे हेड कॅशियर म्हणाले, "चकोट करून टाका. जरा हवा लागू दे बिचाऱ्याला." आणि सौ.च्या मावशींनी तर तुपाचीच वाटी पुढे केली. "पोळीवर चांगली धार सोडा, कातडी आतून मऊ होते. नामदेव नाही का धावले कुत्र्यामागे, कोरडी खाऊ नकोस म्हणून?"

नामदेवांचं नाव निघाल्यावर मराठी माणसाला पुढे बोलता येत नाही. सुदैवानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलता येत होतं.

त्यांनी आधी कंगव्यानं थोडा कोंडा काळ्या कागदावर घेतला आणि भिंगातून पाहिला. कोंड्याखाली बारीक किडे वावरत असले, की कोंडाच चालल्यासारखा दिसतो. त्याला 'चालता कोंडा' म्हणतात. मी बँकेतला माणूस, मला चालू खातं माहीत. चालता कोंडा ही माहिती नवीन होती. गुंड्याचा कोंडा मात्र जागच्या जागी बसून होता. पिसवा नाहीत, बुरशी नाही. कधी थायरॉइड मंदावल्यानं किंवा खाण्यातलं एखादं न मानवल्यानंही असं होतं, पण इथे सगळा दोष कोरड्या हवेचा.

मग एकेक सल्ला निकालात निघाला. माणसाच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर दहा-पंधरा पेशींचा असतो, कुत्र्याचा जेमतेम तीन ते पाच. आपली त्वचा आम्लधर्मी, म्हणजे पीएच साधारण ५.५, कुत्र्याची पुष्कळदा ७ च्या आसपास. त्यामुळे आपला शाम्पू त्याचा नव्हे. रोजच्या आंघोळीनं कातडीतलं नैसर्गिक तेलच धुऊन जातं. निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा कोमट पाणी पुरे. खोबरेल चोपडलं तर तो ते चाटून पोटात घालणार, आणि टी ट्री नावाचं जे तेल माणसं कोंड्याला लावतात, ते तर कुत्र्याला विषारी. केसांचे दोन थर असतात. त्यानं थंडी अडते तशी ऊनही अडतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो. म्हणजे चकोट करून गारवा मिळत नाहीच, शिवाय पामेरियनचे केस परत नीट उगवतील याची हमी नाही. राहिलं तूप. एकदम जास्त स्निग्ध पोटात गेलं तर छोट्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊन प्रकरण जिवावर बेतू शकतं.

उपाय काय? रोज हलक्या हातानं ब्रश, म्हणजे कातडीतलं तेल केसांच्या टोकापर्यंत पोचतं. वजनाच्या हिशेबानं मोजून दिलेलं माशाचं तेल. आणि दीड-दोन महिने धीर. यातलं एकही औषध आपल्यावरून ओळखता आलं नसतं.

बर्नार्ड शॉनं १९०३ सालीच या सुवर्णनियमाला टाचणी लावून ठेवली आहे. त्याची शंका एवढीच होती, की समोरच्याच्या आवडीनिवडी वेगळ्या असल्या तर? शॉची अडचण आवडीची होती, आमची तर साक्षात कातडीची.

मग हा नियम बाद करावा का? इथे मात्र मला जपून पाऊल टाकावंसं वाटतं. कारण 'त्यांचं वेगळं असतं' हे वाक्य मी दुसरीकडेही ऐकलं आहे. डिसेंबरात गार पाण्यानं भांडी घासणाऱ्या बाईंच्या हाताला भेगा पडतात, आणि घरात गीझर असलेला माणूस म्हणतो, "त्यांना सवय असते हो." गडी जिन्याखाली झोपतो, त्यालाही सवय असते. म्हणजे कातडी वेगळी आहे, हे ज्ञान गुंड्याच्या डॉक्टरीणबाईंच्या हातात औषध होतं, आणि आपल्या हातात आलं की पळवाट होतं. त्यापेक्षा काकू, अण्णा आणि मावशी परवडल्या. त्यांना निदान गुंड्याला खाज सुटते एवढं तरी समजलं होतं.

तेव्हा माझ्या कॉमर्सच्या बुद्धीला सुचलेली दुरुस्ती अशी : खाज आपल्यावरून ओळखावी, औषध त्याच्यावरून. पहिला भाग संतांनी शिकवला. दुसऱ्या भागासाठी रिझर्व्ह बँकेनं २००२ साली बँकांना फर्मान काढलं, की आपला ग्राहक आधी ओळखा. पुण्यकर्मालाही हे केवायसी लागू करायला हरकत नाही. नामदेवांचंसुद्धा केवायसी पुरं होतं. त्यांनी समोरच्याच्या तोंडात काय आहे ते बघितलं, ती कोरडी पोळी होती, आणि मगच ते वाटी घेऊन धावले. आमच्या घरी ते आले असते तर ब्रश घेऊन धावले असते.

गंमत अशी, की कुत्र्याच्या बाबतीत हे जमतं. त्याला बोलता येत नाही, म्हणून आपण वाकून बघतो, केस बाजूला करतो, भिंग आणतो. माणसाला बोलता येतं, म्हणून त्याच्याकडे बघायची गरज वाटत नाही; आणि तो बोललाच तर ऐकायची सवय नाही. गावाकडची आजी शहरातल्या फ्लॅटमध्ये येते. तिच्या हातातला झारा प्रेमानं काढून घेतात, तिला फोमच्या गादीवर बसवतात, समोर टीव्ही लावून देतात. "आयुष्यभर राबलात, आता आराम करा." आपल्याला आराम हवा असतो, म्हणून तिलाही. ती दिवसेंदिवस कोमेजत जाते, आणि सगळे म्हणतात, हवा मानवत नाही.

तिला विचारायला भिंगसुद्धा लागत नाही. नुसतं विचारलं तरी बहुधा ती एवढंच म्हणेल, "अगं, ते मटार तरी सोलायला दे इकडे."