कौतुक आणि दाद

चित्रप्रदर्शन भरलेल्या दालनाच्या दाराशी एका लहानशा टेबलावर अभिप्रायाची वही ठेवलेली असते. चित्रे पाहून झाल्यावर तीही सावकाश चाळण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. चित्रकार बदलतात, विषय बदलतात, जलरंगांच्या जागी तैलरंग येतात. वहीतील शब्द मात्र तेच राहतात. ‘अप्रतिम’, ‘फारच सुंदर’, ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’. एखाद्या चित्रातील झाडाची सावली उजेडाच्या बाजूलाच पडली आहे, असे लिहिणारा हात क्वचितच आढळतो. चित्रकार आपल्याच भागातला असला तर तो बहुधा आढळतच नाही. अशा वेळी आम्हांला पडणारा प्रश्न साधा आहे. आपल्या माणसाचे चित्र मनाला भिडले नसताना ‘भिडले’ असे सांगणे याला सौजन्य म्हणावे, की त्या चित्रकाराचा नकळत केलेला अवमान?

मराठीने या संदर्भात दोन निराळे शब्द जपून ठेवले आहेत, ही या भाषेची शहाणीव होय. लहान मुलाने पाटीवर हत्ती काढला की आपण त्याचे कौतुक करतो. गवयाने समेवर येता येता अनपेक्षित जागा घेतली की आपण त्याला दाद देतो. कौतुकाला कारण लागत नाही. नाते असले की पुरे होते. दाद द्यायला जाण लागते, आणि ज्याला दाद देता येते त्याला ती राखून ठेवण्याचाही अधिकार असतो. तो अधिकार काढून घेतला तर दादेची किंमत उरत नाही. शिवाय अन्यायाविरुद्ध माणूस न्यायालयात जातो तेव्हाही तो ‘दाद’च मागतो. या शब्दाचा हा दुसरा अर्थ सीमाभागातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी. आपली चित्रे भिंतीवर टांगून शेजारी उभा राहणारा माणूस आमच्या मते या दुसऱ्या अर्थानेही दाद मागत असतो. माझे म्हणणे ऐका, तपासा आणि निवाडा द्या, अशी त्याची विनंती असते. तिला आपण ‘छान, छान’ म्हणून वाटेला लावतो.

सदलग्याचा माणूस चित्रे पाहायला निघाला तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. जिल्ह्याचे ठिकाण म्हणून बेळगावला जावे, तर टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाचे के. बी. कुलकर्णी कलादालन आहे. जवळचे म्हणून कोल्हापूर गाठावे, तर दसरा चौकात शाहू स्मारक भवनातील दालन आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि या दोन वाटांपैकी एक परराज्यात गेली, पण चित्रे पाहणाऱ्याच्या पायांनी ही विभागणी कधी फारशी मनावर घेतली नाही. दोन्ही दालने लहान आहेत. दोन्ही ठिकाणी मोठ्या नावाच्या चित्रकारापेक्षा शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर, कलाशाळेतून नुकती बाहेर पडलेली मुले, निवृत्तीनंतर पुन्हा कुंचला हाती धरलेली माणसे, यांचीच चित्रे आपण अधिक पाहतो. आमच्या लेखाचा विषय हीच मंडळी आहेत.

त्यांच्या पाठीशी असलेली परंपरा मात्र लहान नाही. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि कोल्हापुरास परत आले. राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांना दरबारात आश्रय दिला. कोटितीर्थाच्या काठी राहून ते तळे, तो काठ, ती झाडे त्यांनी निरनिराळ्या वेळच्या उजेडात पुनःपुन्हा रंगवली. रंग संपले की पानाफुलांपासून ते घरीच तयार करीत, असे सांगतात. १९२२ साली महाराज गेले, त्या दुःखात त्यांनी आपली पुष्कळ चित्रे त्याच तळ्यात सोडून दिली, असेही सांगतात. १९३१ साली ते वारले. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता हाताला वळण लावले. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. ही झाली राहिलेल्यांची गोष्ट. गेलेल्यांचीही आहे. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले म. वि. धुरंधर मुंबईचे झाले. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली घडलेले रवी परांजपे मुंबईस गेले, परदेशीही काम करून आले, आणि २०२२ साली पुण्यात निवर्तले. परांजपे यांचे नाव सर्वत्र झाले, पण बेळगावात राहून पिढ्यांना शिकवणाऱ्या त्यांच्या गुरूचे नाव बेळगावाबाहेर किती जणांना ठाऊक आहे? त्यांच्या नावाचे दालन आहे, हे समाधान खरेच. परंतु त्या दालनात जाणाऱ्यांपैकीही काहींना ते नाव दारावरच्या पाटीपुरतेच माहीत असते.

आता आमच्या म्हणण्याला जो आक्षेप येईल तो हलका नाही, आणि आम्ही तो हलका करून मांडणार नाही. लहान गावात खरे बोलण्याची किंमत वेगळी असते. मुंबईतला समीक्षक वर्तमानपत्रात चार ओळी कडक लिहितो आणि लोकलने घरी जातो. इथे ज्याच्या चित्राला आपण नावे ठेवली तो दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात भाजी घेताना भेटतो. कदाचित त्याची मुलगी आपल्या घरात सून म्हणून आलेली असते. त्यातून हा चित्रकार आधीच हातघाईला आलेला. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, सिनेमाचे फलक, गणपतीपुढचे देखावे, यांवर जगणारा एक मोठा वर्ग आपल्याकडे होता. या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्स आला आणि पाहता पाहता त्यांच्या हातचे काम गेले. अशा माणसाने पदरचे पैसे घालून चौकटी करवल्या, दालनाचे भाडे भरले, टेम्पोत गोधड्या अंथरून चित्रे आणली, आणि आपण त्याला सावलीची दिशा शिकवायची! तेव्हा चार गोड शब्द बोलण्यात कोणाचे काय जाते, असे कोणी विचारले तर त्या विचारण्यामागे माणुसकी आहे हे आम्ही मान्य करतो.

फ्रान्समध्ये एक्स नावाचे गाव आहे. पॉल सेझान तिथलाच. गावाजवळचा सँत-व्हिक्त्वार डोंगर त्याने आयुष्यभर रंगवला. तिथल्या संग्रहालयाचा प्रमुख म्हणे, मी जिवंत आहे तोवर सेझानचे चित्र आत येणार नाही; आणि त्याने आपला शब्द पाळला. सेझान १९०६ साली वारला. त्याची तैलचित्रे त्या संग्रहालयात आली ती १९८४ साली, तीही सरकारने पाठवली म्हणून. ही हकीकत ऐकली की कोणीही म्हणेल, पाहा, गावाच्या निवाड्यावर विसंबून राहू नये. त्यापेक्षा सरसकट कौतुक बरे. आम्हांला यातून निराळेच दिसते. त्या गृहस्थाने चित्रे तपासून नाकारली असे वाटत नाही; त्याने ती न बघताच नाकारली, कारण हा आपल्या गल्लीतला, त्यात काय असणार, हे त्याचे आधीच ठरलेले होते. आपल्याकडचे कौतुकही न बघताच दिलेले असते, कारण हा आपल्या गल्लीतला, त्यात काय अपेक्षा करायची, हे आपलेही आधीच ठरलेले असते. एकाच्या तोंडी नकार आहे आणि दुसऱ्याच्या तोंडी होकार. डोळे मात्र दोघांचेही मिटलेलेच.

‘स्थानिक चित्रकार’ या शब्दप्रयोगातच ही सूट दडलेली आहे. स्थानिक म्हणून इतके ठीक, असे आपण मनात म्हणतो. वास्तविक स्थानिक असण्यातून सवलत निघत नाही, जाण निघते. आणि ती चित्रकाराइतकीच पाहणाऱ्याचीही असते. दूधगंगेचे उदाहरण घेऊ. ती सह्याद्रीत उगम पावते, वेदगंगेला बरोबर घेते आणि आमच्या तालुक्यात कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात तिचे पाणी काठच्या उसाची हिरवी सावली धरून असते. श्रावणात ते गढूळ होते, पण तो गढूळपणा एकाच जातीचा नसतो. वरून आलेल्या तांबड्या मातीचा रंग वेगळा, आणि आमच्या काळ्या रानातून उतरलेल्या पाण्याचा वेगळा. २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली ज्यांनी ते पाणी शिवारावर चढताना पाहिले, त्यांना पुराच्या पाण्याला स्वतःचा एक मंद, तेलकट उजेड असतो हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आता एखाद्या चित्रात ही नदी निळीशार दाखवलेली असेल, तर ती निळाई कुठून आली हे विचारण्याची पात्रता पॅरिसच्या काय, मुंबईच्या समीक्षकाकडेही नाही. ती सदलग्याच्या, बोरगावच्या, एकसंब्याच्या माणसाकडे आहे. चित्रकाराने निळाई जाणूनबुजून योजली असेल तर तो तसे सांगेल, आणि कदाचित आपल्यालाच त्या नदीत आजवर न दिसलेले काही दिसेल. कॅलेंडरात पाहून उचलली असेल तर तो गप्प राहील. दोन्ही परिणाम ‘अप्रतिम’ या शब्दापेक्षा त्याच्या अधिक उपयोगी आहेत.

अर्थात नदी ओळखू आली म्हणजे चित्र साधले, असे आमचे म्हणणे नाही. ओळख पटणे ही पहिली पायरी. आपल्याकडचे पुष्कळ प्रेक्षक तिच्यावरच थबकतात. व्यक्तिचित्रापुढे उभे राहून ‘अगदी हुबेहूब!’ म्हटले की त्यांचे काम संपते. पूज्य व्यक्तीच्या चित्राबाबत तर हे फारच होते. आचार्य विद्यासागर महाराज १९४६ साली सदलग्यात जन्मले आणि २०२४ साली त्यांनी डोंगरगड येथे समाधी घेतली. त्यांची प्रतिमा रंगवणाऱ्याला या भागात नमस्कार मिळतील, आणि ते मिळावेत. परंतु ते नमस्कार महाराजांना असतात. त्या दिगंबर देहाची कृशता, दीर्घ तपश्चर्येने आलेली स्थिरता रेषेत उतरली की नुसती छायाचित्रावरून मोजून घेतली गेली, याकडे पाहणारा कोणी नसला तर चित्रकार त्या गर्दीत एकटाच राहतो. श्रद्धेला चित्र परखण्याची गरज नाही, हे आम्ही जाणतो. पण तेच चित्र कलादालनात लावले असेल, तर तिथे ते रंगवणाऱ्याच्या हाताची विचारपूस व्हायला हरकत नसावी.

विचारपूस हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. दाद म्हणजे परीक्षकाने छडी उगारणे नव्हे. ही सावली अशी का, हे पिवळे कुठून आणले, या म्हातारीचे हात अपुरे सोडले ते ठरवून का, असे विचारणे हीच निम्मी दाद झाली. आजारी माणसाची आपण विचारपूस करतो तेव्हा त्याच्या प्रकृतीबद्दल खोटे बोलत नाही, आणि त्याला टाकूनही बोलत नाही. चित्रकाराशी असे बोलायला कलेच्या इतिहासाचे ज्ञान लागत नाही. एका चित्रापुढे थांबण्याइतका वेळ लागतो. उद्घाटनाच्या दिवशी तो कोणालाच नसतो. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, तीन भाषणे, सामोसा आणि चहा, यांत चित्रांच्या वाट्याला भिंतच काय ती येते. म्हणून जाणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुपारी जावे, असे आम्ही सुचवू. तेव्हा दालनात पंखा फिरत असतो आणि चित्रकार खुर्चीवर एकटा बसलेला असतो.

राहता राहिला पैशाचा विषय, जो आपल्या सुसंस्कृत घरांत चित्राच्या संदर्भात काढणे अप्रशस्त समजले जाते. लग्नात मांडवावर, वास्तुशांतीला जेवणावळीवर सढळ हाताने खर्च करणारी आमची जुनी घराणी दिवाणखान्यात छापील धबधबा लावतात आणि प्रदर्शनात जाऊन ‘किती सुंदर’ म्हणून रिकाम्या हाताने परत येतात. चित्राची किंमत विचारताना आपण आवाज खाली आणतो, आणि ती ऐकल्यावर ‘आपल्यातले म्हणून काही कमी?’ असे विचारताना मात्र तो पुन्हा वर जातो. इथे कौतुक करणाऱ्याची खरी कसोटी लागते. चित्र खरोखर अप्रतिम वाटले असेल तर ते घ्यावे. ऐपत नसेल तर एखादे लहान स्केच घ्यावे. तेही शक्य नसेल तर कोणते चित्र घेतले असते आणि का, एवढे चित्रकाराला सांगावे. आमच्या परिचयाच्या एका घरात गुऱ्हाळाचे एक जलरंगातले चित्र माजघरात लावलेले आहे. काहिलीच्या तोंडची वाफ त्यात कोरा कागद सोडून दाखवली आहे. घरातल्या आजींच्या मते वाफ बरोबर आहे, पण चुलवाणाचा जाळ फारच लाल झाला. चिपाडाचा जाळ इतका लाल नसतो. चित्रकार त्या घरी येतो तेव्हा त्या त्याला हे दर वेळी ऐकवतात. तोही दर वेळी चहाचा कप हातात धरून उठतो, चित्राजवळ जातो आणि तो जाळ पुन्हा न्याहाळतो.