कोड्यामागचा कर्ता

रहस्यप्रधान साहसखेळातले वास्तूचे कोडे एका गृहीतावर उभे असते: इमारतीत जे आहे ते कोणीतरी हेतुपूर्वक तिथे ठेवले आहे. 1993 साली आलेल्या ‘मिस्ट’ या संगणकीय खेळात ग्रंथालयातल्या नकाशावरून एक मनोरा फिरवावा लागतो. तो बेटावरच्या नेमक्या जागेकडे वळला, की मनोऱ्यात चढून पुढचा दुवा मिळतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेल्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (2020) या खेळात फिरती मंडले जुळवली, की चित्र पुरे होते. खेळणारा कितीही अडला तरी उत्तर आहेच, याबद्दल त्याच्या मनात किंतु नसतो. हा भरवसा जगालाही लावता येतो का, यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झाला.

नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचे, उत्तर होकारार्थी आहे. उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’तला प्रसिद्ध युक्तिवाद असा: जग हे कार्य आहे, आणि घटाला जसा कुंभार तसा प्रत्येक कार्याला कर्ता असतो, म्हणून जगालाही कर्ता आहे. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी सातव्या शतकातच ‘प्रमाणवार्तिका’त या वळणाच्या अनुमानावर घाव घातला होता. देऊळ पाहून गवंडी मानता येतो, कारण तशा रचना माणसाच्या हातून होताना आपण पाहिलेल्या असतात. डोंगरालाही ‘रचना’ म्हटले, एवढ्याने त्याचा गवंडी सिद्ध होत नाही. तसे चालले तर मातीचे म्हणून वारूळही कुंभाराने केले असे म्हणावे लागेल. हा आक्षेप आजही बोथट झालेला नाही.

वाराणसीचा भोसले घाट या वादाला चांगले उदाहरण पुरवतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधला. पायऱ्यांवर उंच दगडी वाडा आहे. त्याच्या लहान नक्षीदार खिडक्या अगदी वरच्या भागात आहेत आणि खालची भिंत जवळजवळ आंधळी. लक्ष्मीनारायण, यमेश्वर आणि यमादित्य यांची देवळेही इथेच आहेत. साहसखेळाची सवय लागलेली नजर त्या भिंतीत चोरदरवाजा शोधील. पण पावसाळ्यात गंगा चढते आणि पायऱ्या गिळते. अशा काठावर तळाशी भरीव भिंत असणे हेच शहाणपणाचे. इथे हेतू आहे, कर्ताही आहे, फक्त कोडे नाही.

थोडे दक्षिणेला शिंदे घाटावर प्रकरण अधिक रंगते. एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंदे यांनी बांधलेला हा घाट स्वतःच्या भाराने खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. तिथले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आजही कललेले आहे. खेळात असा कल म्हणजे हमखास खूण ठरली असती. कोणत्या वेळी सावली कुठे पडते हे खेळणाऱ्याने पाहिले असते. इथे मात्र पाया खचला आणि देऊळ कलले, कुणाच्याही इच्छेविना. तरी लोकांना एवढ्यावर समाधान नाही. मुलाने आईचे ऋण फेडायला देऊळ बांधले, ते ऋण फिटणारे नव्हते, म्हणून देऊळ झुकले, अशी कथा सांगतात. देवळाला मातृऋण महादेव असे नावही पडले आहे. धर्मकीर्तींना ही कथा वारुळामागे कुंभार शोधण्यासारखी वाटली असती. श्रद्धाळूचे म्हणणे वेगळे: देऊळ कशाने कलले हे मातीने ठरवले, त्या कलण्याकडे पाहून काय स्मरायचे हे माणसाने. दोन्ही विधाने एकमेकांना खोडत नाहीत. गोंधळ होतो तो दुसऱ्याला पहिल्याचा पुरावा मानल्यावर.

जगामागे हेतू आहे का, या मूळ प्रश्नाला वेदान्ताने निराळी बगल दिली. पूर्णकाम ब्रह्माला सृष्टी करण्याचे प्रयोजन काय, या शंकेला ब्रह्मसूत्रांचे (2.1.33) उत्तर आहे लीला. सर्व काही मिळालेला राजा जसा गरज नसताना क्रीडा करतो तसे, असे शंकराचार्यांचे भाष्य. म्हणजे कर्ता मान्य, पण त्याने कोडे घातले असे नाही. उत्तर दडवून ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र यातून नवी अडचण निघते. खेळाचा रचनाकार सर्वांपुढे एकच मनोरा ठेवतो, जगात कुणाच्या वाट्याला सुख येते तर कुणाच्या वाट्याला अपार दुःख. लीलेत एवढा पक्षपात आणि एवढे क्रौर्य कसे? लगेच पुढचे सूत्र हाच आक्षेप घेते आणि उत्तरासाठी जीवांच्या कर्माकडे वळते: ईश्वर फळ देतो ते ज्याच्या त्याच्या कर्माला धरून. मग पहिल्या कर्माआधी विषमता कुठून आली, असे विचारले तर संसार अनादि आहे, असे त्याच्याही पुढचे सूत्र सांगते.