वारकऱ्यांचा ऱ



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून आषाढीला पायी निघणाऱ्या एका दिंडीचे सूचनापत्रक मोबाइलवर आले. त्यात होते, ‘आचार्यांनी पहाटे तीनला भांडी घेऊन पुढच्या मुक्कामी निघावे.’ वाचून हसू आले. निघायचे होते आचाऱ्यांनी, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांनी! पत्रक लिहिणाऱ्या तरुणाला चूक दाखवली, तर हात जोडून म्हणाला, ‘माउली, भाव कळला ना? मग झालं.’ मला उत्तर सुचले नाही. देव भाव पाहतो, शब्द पाहत नाही, हे तर आपणच त्याला शिकवले. मग एका अक्षरासाठी अडून बसावे का?

आधी ते अक्षर पाहा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या घळी. पहिल्यात र पुढच्या अक्षराच्या माथ्यावर रफार होऊन चढतो. दुसऱ्यात तो खाली, ओळीतच आडवा राहतो. हा आडवा र कोणाच्या वाट्याला आला? वारकऱ्यांचा, शेतकऱ्यांना, कष्टकऱ्यांनी, गावकऱ्यांकडे. कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात याहून जवळचे अक्षर कोणते?

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड प्रमाणात र चा क्रमांक ०९३० आणि ऱ चा ०९३१. ऱ चा पाय मोडून त्याला य जोडला की ऱ्य होतो. आणखी एक रीत आहे. साध्या र चा पाय मोडायचा आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवायचे. दोन्ही रीतींनी उमटणारे रूप एकच, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी. म्हणून एका रीतीने लिहिलेले ‘शेतकऱ्यांसाठी’ दुसऱ्या रीतीने शोधले, तर साध्या शोधात बऱ्याचदा सापडत नाही. रफाराने लिहिलेले तर नाहीच.

आता तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. देवाला भाव कळतो. अक्षर चुकले तरी कळतो, तोंड मिटून बसलात तरी कळतो. म्हणजे अक्षर देवासाठी नाहीच. मग कोणासाठी? जो आपल्यासमोर नाही त्याच्यासाठी. आचारी कोण, हे मला ठाऊक होते, म्हणून मला भाव कळला. पण पन्नास वर्षांनी ते पत्रक कोणी उघडेल, किंवा पैनगंगेकाठचा एखादा शेतकरी आपल्या कामाची सूचना मोबाइलवर शोधेल, तेव्हा त्याच्या हाती आपला भाव नसेल. आपले अक्षर तेवढे असेल.

एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला होता होता शिरलेले अपपाठ ते निवडत बसले. त्यांच्या भावात काय उणे होते? माउलींचा शब्द पुढच्यांच्या हाती नीट पडावा, एवढ्यासाठी ते कष्ट होते. आज आपण जी ओवी वाचतो, ती त्या कष्टांमुळे.

मात्र इथे एक पथ्य आहे. अक्षर चुकणाऱ्याला हिणवू नये. शुद्ध लिहिणाऱ्याच्या मनात ताठा शिरला, तर त्याने अक्षर राखले आणि माणूस गमावला. दिंडीत कोणी मागे पडला तर त्याला हाताला धरून आणतात, तसेच हेही करावे.

म्हणून मी त्या तरुणाशेजारी बसलो. पुष्कळ मोबाइलवर र दाबून धरला की ऱ मिळतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसोबत र ची कळ दाबावी लागते. त्याने ‘आचार्यांनी’ खोडून ‘आचाऱ्यांनी’ लिहिले, मग स्वतःच वर जाऊन ‘वारकर्यांसाठी’ही नीट केले. पत्रक पुन्हा सगळ्यांना पाठवले. या साऱ्याला दोन मिनिटे लागली. आपल्यानंतर येणाऱ्या, कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी दिलेली दोन मिनिटे सेवेत धरायची की नाही, हे वाचक माउली, तुम्हीच ठरवा.

रामकृष्ण हरी.