वाचणे आणि वाचून घेणे

छाणी म्हटले की बडोदेकरांना जकातनाका आठवतो. जकात २००७ साली उठली, नाव तेवढे रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिले. जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांना मात्र आमचे गाव ठाऊक आहे ते इथल्या जैन भांडारांमुळे. विक्रम संवत १२१८, म्हणजे इ. स. ११६१ मध्ये लिहिलेली ओघनिर्युक्तीची ताडपत्री पोथी छाणीच्या संग्रहातली. तिच्यात सोळा विद्यादेवींची चित्रे आहेत. दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरीत. आपल्या पश्चिमेकडे शाईने लिहीत. मग लाकडी पाट्या, दोरी, कापडी वेष्टन आणि कसर लागू नये म्हणून वेखंड. दिवाळी सरली की कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, ही पुस्तके बाहेर काढून झटकण्याची व पूजण्याची रीत आहे.

आज ज्याची पूजा होते ती पोथी जवळ बाळगणे एके काळी जैन साधूला दोषास्पद होते. एक तर तो परिग्रह, आणि शिवाय पानांच्या फटीत जीवजंतू चिरडले जाणार. आगम मुखोद्गत असायचे, गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानी. पण दुष्काळ पडले, पाठ असलेली माणसे गेली, ग्रंथ तुटू लागले. तेव्हा पाचव्या शतकात सौराष्ट्रातल्या वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या पुढाकाराने आगम लिहून काढण्यात आले. लिहिण्याने स्मरण आळसावेल ही भीती ग्रीस देशात सॉक्रेटिसाच्या तोंडी प्लेटोनेही घातली आहे, आणि गंमत अशी की ती आपल्याला कळते ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणूनच. मला वलभीच्या साधूंची वाट अधिक पटते. लेखन सोयीचे, असा त्यांचा युक्तिवाद नव्हता. विसरणे हे पोथी बाळगण्याहून मोठे पाप, एवढेच त्यांनी ठरवले. आणि पोथी आली म्हणून पाठांतर सोडले नाही. आजही पाठशाळेत मुले सूत्रे पाठ करताना दिसतात.

हे सगळे डोक्यात घोळायचे कारण म्हणजे माझी नात. मराठी ती बोलते छान. शाळा इंग्रजी, रस्ता गुजराती, घर मराठी. निपाणी-बेळगावकडच्या वाचकांना हे त्रांगडे समजावून सांगायला नको. मराठी वाचायला बस म्हटले की तिचे उत्तर ठरलेले : “आजोबा, मोबाईल वाचून दाखवतो की!” खोटे नाही. कागदाचा फोटो काढला की यंत्र मजकूर ओळखते, मोठ्याने वाचते, हवे तर गुजरातीत सांगते. मग अक्षरे गिरवण्याचा खटाटोप कशासाठी?

नुसते ‘संस्कृती’ असे म्हणून मी तिला गप्प करू शकेन, पण ते उत्तर नव्हे.

वाचून घेणे ही काही नवी गोष्ट नाही. माझी आजी लग्न होऊन कोल्हापूरकडून या गुजराती मुलखात आली ती निरक्षर. माहेरचे कार्ड आले की पोस्टमन ते तिच्या हाती देई, पण मराठी त्याला वाचता येत नसे. आजोबा फिरतीवर असले तर गल्लीतल्या एका वृद्ध कारकुनाची विनवणी करावी लागे. एकदा कोपरा फाडलेले कार्ड आले. मरणाची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडीत, हे निरक्षरांनाही वाचता येणारे एकच अक्षर होते. कोणीतरी गेले हे आजीला कळले. कोण, ते वाचणाऱ्याच्या हाती. सण तोंडावर होता. त्या गृहस्थांनी “दूरचा चुलता” असे सांगितले. गेली होती तिची आई, आणि ते तिला कळायला तीन आठवडे लागले. त्यांच्या मनात दयाच होती, आजीही त्यांना कधी वाईट बोलली नाही. पण दयाळू असले तरी आईच्या मरणाची बातमी दाबून ठेवायचा अधिकार त्यांना कोणी दिला? दिला होता तो तिच्या निरक्षरतेने.

सयाजीराव महाराजांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केले आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात नेले. ते काय होते, हे मला या कार्डावरून कळते. कवळाण्याहून १८७५ साली दत्तक आलेल्या या बारा वर्षांच्या मुलाचे स्वतःचे अक्षरशिक्षण बडोद्यातच झाले. १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणले, खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे, मॅजिक लँटर्न आणि सिनेमाही नेला. म्हणजे यंत्राशी त्यांचे वैर नव्हते. पण पडद्यावर चित्र दाखवले म्हणून त्यांनी शाळा बंद केली नाही. आमच्या आत्याला शाळेत घालताना दंडाचा धाक लागला नाही; आजीने स्वतः तिला दारापर्यंत पोहोचवले.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे भाजी घेऊन येणारी बाई शाळेत गेलेली नाही. मुलाचा निरोप ती मोबाईलवर ऐकते, उत्तर बोलून धाडते, दवाखान्याची चिठ्ठी त्यालाच वाचायला लावते. तिला कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत, आणि यंत्र तिच्या घरची गोष्ट गल्लीत सांगत नाही (दूरच्या कुठल्या कंपनीला सांगत असेल, तो विषय निराळा). तिला “आधी अक्षरे शिका” असे सांगायला माझी जीभ रेटत नाही. हे यंत्र आजीच्या हाती असते तर? तिने आईचे सुतक वेळेवर धरले असते.

म्हणून भाजीवालीला लावलेला न्याय मी नातीला लावीत नाही. भाजीवालीपाशी जे नव्हते ते तिला मिळाले. नातीच्या दोन पावलांवर जे आहे ते ती घेतच नाही. आणि कारकुनाचा खोटेपणा निदान पुढे उघडा पडला. यंत्र खोटे बोलत नाही, चुकते. तेही अगदी ठाम आवाजात. आजीच्या माहेरची काही पत्रे ट्रंकेत आहेत. मोडीतली माझ्याही आवाक्याबाहेरची, त्यांसाठी मलाही जाणकाराचे दार ठोठवावे लागते. बालबोधीतले एक पत्र नातीने मोबाईलपुढे धरले, आणि “माऊ फार आजारी आहे” असे त्याने वाचले. “त्यांच्याकडे मांजर होती का?” तिने विचारले. मूळ शब्द ‘भाऊ’. जुन्या घाईच्या अक्षरात भ चे डोके मिटले होते, एवढेच. आम्ही खूप हसलो. पण आजीच्या आजारी भावाची मांजर झाली, आणि हे सांगायला घरात मी नसतो तर ती मांजरच राहिली असती. दूरच्या चुलत्यासारखी.

तेव्हापासून रविवारी ती एक कार्ड घेऊन बसते. गुजराती वाचणारे डोळे, शिरोरेषेची सवय नाही, ख आणि ज पाशी अडते. कंटाळते, हेही खरे. गेल्या खेपेला अर्धे कार्ड स्वतः वाचून उरलेले तिने मोबाईलला दिले. मी हरकत घेतली नाही. मग तिने पहिला अर्धा भागही त्याच्याकडून वाचून घेतला, आपल्या वाचनाशी ताडून पाहिला आणि एका शब्दावर बोट ठेवून विचारले, “इथे तो चुकलाय की मी?” शाई फिकी झाली होती. मी चष्मा पुसला आणि कार्ड खिडकीपाशी नेले.